मेमरी फोम: इंच नंतर, आधी घनता विचारा

मेमरी फोमची गादी ८ इंची जाड घ्यावी की १० इंची, असं बरेच जण विचारतात. माझं मत, आधी आतले थर विचारा. मेमरी फोम बहुतेक गाद्यांत वरचे दीड-दोन इंचच असतो, खाली साधा किंवा एचआर फोम (हाय रेझिलियन्स, म्हणजे दाबल्यावर पटकन उसळणारा). वरच्या थराची घनता घनमीटरला ५० किलोच्या आसपास असेल तर ठीक. ३० सांगितली तर लवकरच कमरेखाली खळगा पडेल. आमच्या पहिल्या गादीला पडला. वॉरंटीवाला पट्टी लावून "खळगा इंचापेक्षा कमी आहे, वॉरंटीत बसत नाही" म्हणाला आणि चहा पिऊन गेला!

मेमरी फोमवर उकडतं ही तक्रार खरी आहे, पण तो या फोमचा स्वभावच. १९६० च्या दशकात नासासाठी विमानातल्या सीटकरता तो तयार झाला. अंगाच्या उबेने मऊ होतो, अंग रुततं आणि खाली वारा खेळत नाही. मुंबईच्या मे महिन्यात नुसत्या पंख्यावर झोपणार असाल तर मी लेटेक्सची (रबराच्या फोमची) गादी बघेन. फोममध्ये घातलेल्या 'कूलिंग जेल'चा गारवा सुरुवातीला जाणवतो, रात्रभर टिकत नाही.

दुकानात हाताने दाबून काही कळत नाही. चपला काढा, नेहमीच्या कुशीवर दहा मिनिटं पडा, सेल्समन बघेना का. कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा थोडा रुतायला हवा. पालथं झोपत असाल तर मऊ गादी नकोच, कंबर खाली जाते.

आणि हो, कापसाच्या गादीसारखी गच्चीवर उन्हात टाकू नका. फोम पिवळा पडून भुगा होतो. आमच्या आईला हे अजून पटलेलं नाही.