प्रतिसाद: फॉन्डंटशिवाय एसटीचा केक

‘थीम केक म्हटला की फॉन्डंट हवाच’ हे या चर्चेत वर मांडलेलं मत मला पटत नाही, निदान पावसाळ्यातल्या मुंबईत तरी नाही. फॉन्डंट म्हणजे लाटून केकवर चढवायचं गोड आवरण, जवळजवळ सगळी साखरच. केक फ्रिजमधून बाहेर काढला की दमट हवेतलं पाणी त्यावर जमतं, तो चिकट होतो आणि रंग ओघळतात. शिवाय मुलं फॉन्डंट सोलून ताटलीत बाजूला ठेवतात, ते बघून फार वाईट वाटतं.

लेकाच्या चौथ्या वाढदिवसाला, जुलैमध्ये, लाल एसटी केली ती बटरक्रीममध्ये, म्हणजे लोणी आणि पिठीसाखर फेटून केलेल्या क्रीममध्ये. ब्रेडच्या टिनमध्ये दोन केक भाजून एकावर एक ठेवले, चाकांना क्रीमची काळी बिस्किटं, खिडक्यांना पांढऱ्या चॉकलेटच्या चौकोनी वड्या. केक कापून आकार द्यायच्या आधी तासभर फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे चुरा पडत नाही.

लाल रंगाबद्दल इथे अजून कुणी लिहिलं नाही. पाण्यासारखा पातळ रंग कितीही ओतला तरी गुलाबीच होतो, आणि क्रीम फाटायची भीती. घट्टसर जेल रंगच घ्या. बटरक्रीममध्ये आधी थोडी कोको पावडर घाला, मग रंग कमी लागतो आणि जास्त रंगाचा कडवटपणाही येत नाही. हे आदल्या रात्रीच कालवून झाकून ठेवा. रात्री विटकरी दिसलेलं क्रीम सकाळी छान गडद लाल झालं होतं. आतल्या थरांना साधं पांढरं क्रीमच लावा, लाल फक्त बाहेरून.