एनबीए ड्राफ्ट: कुठल्या टीमनं चांगलं निवडलं, कुठल्या टीमनं माती खाल्ली, हे ठरवायचं कसं? (सल्ला हवाय)

पहाटेचा_प्रेक्षक:
मंडळी, सल्ला हवाय. आमचा एनबीए बघणाऱ्यांचा एक ग्रुप आहे, सगळे सकाळी ऑफिसला निघायच्या आधी मॅच लावणारे. आता सुट्टीत जमून जुने ड्राफ्ट (दरवर्षी टीम्स नंबरवार, दोन राउंडमध्ये नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) उकरायचं ठरलंय, म्हणजे प्रत्येकानं एक वर्ष घ्यायचं आणि त्या वर्षी कुठल्या टीमनं बरोबर निवडलं, कुणी घोळ घातला याचे मार्क द्यायचे. पण मार्क कसे द्यायचे यावरूनच आत्तापासून भांडणं सुरू झालीयेत. एक म्हणतो सॅक्रामेंटोनं २०१८ ला लुका डॉन्चिच सोडला, यापेक्षा वाईट काही असूच शकत नाही, दुसरा म्हणतो पोर्टलंडनं ड्युरंटला सोडून ग्रेग ओडेन घेतला ते विसरलास का, आणि तिसऱ्याचं म्हणणं की ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवशी वेबसाइटवाले ए, बी प्लस अशा ग्रेड देतात त्याच धरा. हे शेवटचं तर मला अजिबात पटत नाही. किती वर्षांनी हिशोब करावा, कुठली वर्षं घ्यावीत आणि नशिबाचा भाग वजा कसा करायचा? जाणकारांनी जरा सविस्तर लिहा.

कोर्टसाइड:
दुसऱ्या दिवशीच्या ग्रेड सोडूनच द्या. निदान चार वर्षं थांबा. पहिल्या राउंडमधल्या खेळाडूचं पहिलं कॉन्ट्रॅक्टच चार वर्षांचं असतं, दोन वर्षं पक्की आणि पुढची दोन टीमच्या मर्जीवर, त्यामुळे तोवर टीमलासुद्धा कळलेलं असतं की हा पोरगा ठेवायचा की सोडायचा.

निकोला योकिचचंच बघा ना. २०१४ ला डेन्व्हरनं त्याला ४१व्या नंबरला घेतला, तेव्हा टीव्हीवर टाको बेलची जाहिरात चालू होती, म्हणजे त्याचं नाव पुकारलेलं लोकांनी पाहिलंसुद्धा नाही. पुढचं एक वर्ष तो सर्बियातच खेळला. पुढे तीनदा एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) आणि २०२३ ची चॅम्पियनशिप. आता याला सरसकट शंभर मार्क द्यायचे का? माझ्या मते नाही. कारण त्याच रात्री १६व्या नंबरचा युसुफ नुर्किचही डेन्व्हरकडे आला, तोही सेंटरच (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू). योकिच एवढा मोठा होणार हे माहीत असतं तर ४१ पर्यंत कोण थांबलं असतं? बाकीच्या टीम्सनी तर त्याला सोडलाच, पण डेन्व्हरनंही आधी त्याला सोडून दुसरे घेतलेच होते. खरे मार्क त्यांना पुढच्या कामाचे द्या. डिसेंबर २०१६ मध्ये योकिचला मुख्य सेंटर केला, अख्खा खेळ त्याच्या पासिंगभोवती बांधला आणि दोनच महिन्यांत नुर्किचला पोर्टलंडला पाठवून दिला. निवडणं आणि घडवणं हे दोन वेगळे रकाने ठेवा, अर्धी भांडणं तिथंच मिटतील.

अमरावतीकर:
कोर्टसाइडशी सहमत, फक्त मी अजून एक रकाना वाढवीन. निवडीच्या दिवशी टेबलावर काय माहिती होती, ते बघा. पोर्टलंडचं उदाहरण याला एकदम फिट बसतं कारण लोक त्यांच्या दोन चुका एकाच पारड्यात टाकतात.

१९८४ ला पहिल्या नंबरला ह्यूस्टननं हकीम ओलाजुवोन घेतला, दुसऱ्याला पोर्टलंडनं सॅम बोवी आणि तिसऱ्याला शिकागोला मायकल जॉर्डन मिळाला. बोवीची कॉलेजातली दोन वर्षं पायाच्या दुखापतीत गेली होती आणि हे सगळ्यांना माहीत होतं. पोर्टलंडकडे जॉर्डनच्याच जागेवर खेळणारा क्लाइड ड्रेक्सलर आधीच होता, त्यांना सेंटर हवा होता, म्हणून त्यांनी जागा भरली. ही चूक आहे, कारण धोका डोळ्यांसमोर होता आणि त्यांनी टॅलेंटपेक्षा गरज बघितली. २००७ ची गोष्ट वेगळी आहे. ओडेन तेव्हा बहुतेक सगळ्यांच्याच यादीत एक नंबरला होता, ड्युरंट दुसरा. गुडघ्यांनी ओडेनचं करिअर १०५ मॅचमध्ये संपवलं, त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण जेव्हा खेळला तेव्हा तो खरंच चांगला खेळत होता. निकाल भयंकर लागला हे खरं, पण त्या दिवसाच्या माहितीवर तो निर्णय मूर्खपणाचा नव्हता. तुमच्या दुसऱ्या मित्राला हे नक्की सांगा.

सॅक्रामेंटोची_ताई:
मी इथंच सॅक्रामेंटोत राहते त्यामुळे २०१८ वर मला लिहावंच लागणार. या टीमचे, म्हणजे किंग्जचे, मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे, ऑक्टोबर २०१९ मध्ये टीम वरळीला इंडियानाविरुद्ध दोन मॅच खेळायलाही आली होती, त्यामुळे इथल्या मराठी घरांत किंग्जबद्दल जरा जास्तच जिव्हाळा आहे. म्हणूनच मार्विन बॅगली दोन नंबरला घेतला ते आजही बोचतं.

वरच्या अमरावतीकरांच्या कसोटीवर हे घासून बघा. लुका तेव्हा १९ वर्षांचा होता, त्याच वर्षी रिआल माद्रिदबरोबर युरोलीग (युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी लीग) जिंकला होता आणि त्या लीगचा एमव्हीपीही तोच होता. म्हणजे मोठ्या, तयार झालेल्या माणसांच्या लीगमध्ये त्यानं करून दाखवलेलं होतं, अंदाज बांधायची गरजच नव्हती. जीएम (टीमसाठी खेळाडू निवडणारे मॅनेजर) होते व्लादे दिवाच, स्वतः युरोपातून येऊन इथं नाव कमावलेले, त्यांना युरोलीगची किंमत कुणी समजावायला नको होती. आपल्याकडे डि'आरन फॉक्स आहे, मग बॉल हातात ठेवणारा अजून एक कशाला, असं तेव्हा बरेच फॅन्सही म्हणायचे, पण ती परत तीच चूक झाली ना, गरज आधी आणि टॅलेंट नंतर. बॅगली २०२२ मध्ये ट्रेड होऊन गेलासुद्धा.

मात्र याच टीमनं २०२० मध्ये १२व्या नंबरला टायरीस हॅलिबर्टन घेतला, ती त्या रात्रीच्या सगळ्यात चांगल्या निवडींपैकी एक होती, आणि ते श्रेय कुणी देत नाही. पुढे त्याला इंडियानाला देऊन सबोनिस आणला, हॅलिबर्टननं २०२५ ला इंडियानाला फायनलपर्यंत नेलं, पण तो ट्रेडचा हिशोब झाला, ड्राफ्टचा नाही. कृपा करून दोन्ही एकत्र करू नका.

पहाटेचा_प्रेक्षक:
ताई, एकदम पटलं. पण मग फिनिक्सचं काय? त्यांनी तर पहिल्याच नंबरला एटन घेतला, लुका त्यांनीही सोडलाच की.

सॅक्रामेंटोची_ताई:
फिनिक्सला तर अजून कडक मार्क द्या, कारण त्यांनी नुकताच नेमलेला कोच इगोर कोकोश्कोव्ह होता, ज्यानं २०१७ मध्ये स्लोव्हेनियाला युरोपचं विजेतेपद मिळवून दिलं होतं आणि त्या टीममध्ये लुका होता. एवढी आतली माहिती असलेली टीम दुसरी नव्हती. एटन २०२१ च्या फायनलमध्ये खेळला, काही वर्षं उपयोगी पडला, त्यामुळे त्याला बस्ट (साफ फसलेली निवड) म्हणणं अन्याय होईल. पण प्रश्न "एटन बरा का" असा नाहीये, "त्या नंबरला कोण शिल्लक होतं" असा आहे. अटलांटानं लुका घेऊन डॅलसला दिला आणि बदल्यात ट्रे यंग अधिक पुढच्या वर्षीचा एक पिक (निवडीचा हक्क) घेतला, तिथं निदान हातात काहीतरी जास्तीचं पडलं.

रिबाउंड_राजा:
कोण शिल्लक होतं हे बघायचं असेल तर २००९ घ्या, डोळे झाकून. मिनेसोटाकडे पाचवा आणि सहावा असे सलग दोन पिक होते. त्यांनी रिकी रुबिओ घेतला, मग जॉनी फ्लिन घेतला, दोघेही पॉइंट गार्ड (करीच्याच जागेवरचे), आणि सातव्याला गोल्डन स्टेटनं स्टेफ करी उचलला. रुबिओ तर पुढची दोन वर्षं स्पेनमध्येच होता. सलग दोन संधी आणि दोन्ही वेळा करी हातातून गेला! पण त्याच वेळी गोल्डन स्टेटकडे बघा, करी ७वा, २०११ ला क्ले थॉम्पसन ११वा, २०१२ ला ड्रेमंड ग्रीन ३५वा, यात टॉप पाचातला एकही नाही आणि याच तिघांवर चार चॅम्पियनशिप उभ्या राहिल्या. याला म्हणतात ड्राफ्टिंग.

कोर्टसाइड:
राजा, बरोबर, पण एका टीमचा सलग दहा-पंधरा वर्षांचा अभ्यास करायचा असेल तर माझं मत ओक्लाहोमा सिटीला. त्यांच्या जीएम सॅम प्रेस्टीनं लागोपाठ तीन वर्षांत ड्युरंट, वेस्टब्रुक आणि हार्डन घेतले (पहिले दोघं घेतले तेव्हा टीम सिअ‍ॅटलमध्येच होती) आणि तिघंही पुढे एमव्हीपी झाले, हार्डन ह्यूस्टनला गेल्यावर. तरी त्या तिघांना घेऊन एकही चॅम्पियनशिप नाही. मग २०१९ ला पॉल जॉर्ज देऊन शे गिल्जस-अलेक्झांडर आणि पिक्सचा ढीग घेतला, त्यातल्याच एका पिकमधून २०२२ ला १२व्या नंबरला जेलन विल्यम्स आला, ज्यानं २०२५ च्या फायनलच्या पाचव्या मॅचमध्ये ४० मारले.

आता खरी मजा ऐका. त्याच रात्री, बरोबर एक नंबर आधी, ११व्याला त्यांनी उस्मान जेंग मिळवला होता आणि त्यासाठी न्यूयॉर्कला पहिल्या राउंडचे तीन पिक मोजले होते. तो फारसा चाललाच नाही. म्हणजे तेच ऑफिस, तेच स्काउट, तीच रात्र, काही मिनिटांचं अंतर, आणि ज्याच्यासाठी जास्त किंमत मोजली तो चुकला. म्हणून एकेका निवडीवरून टीमला हुशार किंवा बावळट ठरवू नका, निदान आठ-दहा निवडी एकत्र बघा.

सातारा_सेंटर:
सेकंड राउंडला अपेक्षा वेगळी ठेवा एवढंच सांगतो. आपला सतनाम सिंग २०१५ ला डॅलसनं ५२वा घेतला, ड्राफ्ट झालेला पहिला भारतीय. एनबीएची मॅच नाही खेळला, पण ५२व्या नंबरचे बरेच जण टिकतच नाहीत, त्याला बस्टच्या यादीत टाकणारे लोक बघितले की राग येतो. बस्ट म्हणजे अँथनी बेनेट, २०१३ चा पहिला नंबर, आणि त्याच वर्षी पुढे एमव्हीपी झालेला यानिस १५व्याला मिलवॉकीकडे गेला.

पहाटेचा_प्रेक्षक:
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं, २००९, २०१३, २०१४ आणि २०१८ ही चार वर्षं घेतो. शेवटचा प्रश्न, २०२५ ला हातच लावायचा नाही का? डॅलसला कूपर फ्लॅग मिळाला, त्यांना फुल मार्क द्या म्हणणारा एकजण आहे.

अमरावतीकर:
खेळाडूंवर आत्ता काही बोलू नका, पण किंमत त्याच दिवशी मोजता येते. डॅलसला पहिला नंबर लागायची शक्यता होती १.८ टक्के, लॉटरीच्या चेंडूंनी दिला (पहिले काही नंबर सोडतीनं ठरतात), आणि फ्लॅग तर कुणीही घेतला असता. शून्य मार्क, वजाही नको.

न्यू ऑर्लिन्सचं मात्र आजच लिहून ठेवा. २३व्या नंबरवरून १३व्यावर सरकून डेरिक क्वीन घ्यायला त्यांनी अटलांटाला २०२६ चा पहिल्या राउंडचा पिक दिला, तोही काहीही प्रोटेक्शन (पिक फार वरचा आला तर आपल्याकडेच राहील अशी अट) न ठेवता, आणि स्वतःचा आणि मिलवॉकीचा यातला जो वरचा असेल तो. आदल्या सीझनला जी टीम ८२ पैकी २१ मॅच जिंकली, तिनं पुढच्या वर्षीचा पिक असा मोकळा सोडायचा? क्वीन उद्या ऑलस्टार झाला तरी निवडीच्या रकान्यात त्याला भरभरून मार्क द्या आणि किंमतीच्या रकान्यात नापासच ठेवा.