मदत हवी आहे : आईच्या बोटांची कॅपिलरोस्कोपी
आई ५८ वर्षांची, नाशिकला असते. दोन हिवाळे झाले, पहाटे गार पाण्यात हात घातला की बोटं खडूसारखी पांढरी पडतात, मग निळी, आणि ऊब मिळाली की लालभडक होऊन ठणकतात. आता उजव्या तर्जनीच्या टोकाला जखम झालीय, महिना झाला, भरतच नाही. फार काळजी वाटते. एएनए (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटलीय का, ते बघणारी रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आलंय. संधिवाताच्या डॉक्टरांना स्क्लेरोडर्माची (त्वचा कडक होत जाण्याचा आजार) शंका आहे, म्हणून कॅपिलरोस्कोपी सांगितलीय. नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब टाकून तिथल्या बारीक रक्तवाहिन्या भिंगातून बघतात. नाशिक-पुण्यात ही कुठे होते? सोबत हातांचा डॉपलरही (रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी) करावा लागतो का? बोटांना परवाच्या लग्नातली मेंदी आहे, त्याने अडचण येईल का? कुणी केली असेल तर प्लीज सांगा.