डभोईच्या स्टुडिओतल्या निगेटिव्ह आणि 1970 चा नर्मदेचा पूर : काय जपावे, कसे जपावे?

डभोईची नात

सर्वांना नमस्कार. माझ्या आईच्या वडिलांचा गुजरातेत बडोद्याजवळच्या डभोईला फोटोचा स्टुडिओ होता. गायकवाडी अमलात नोकरीच्या निमित्ताने तिकडे गेलेल्या आणि तिथलेच होऊन राहिलेल्या मराठी घरांपैकी आमचे एक. मुंज, लग्न, शाळेचा वर्ग, अर्जाला लागणारा पासपोर्ट फोटो ही रोजची कामे आजोबा करीतच. पण पौर्णिमेला नॅरोगेजच्या गाडीने नर्मदाकाठच्या चांदोदला जाऊन घाटावरची गर्दी, नावाडी, परिक्रमावासी यांचे फोटोही स्वतःच्या हौसेने काढीत. सप्टेंबर 1970 मध्ये नर्मदेला मोठा पूर आला, तेव्हाही ते कॅमेरा घेऊन चांदोदला गेले. त्या पुराचे रोल आमच्याकडे आहेत.

स्टुडिओ बंद झाल्यावर सारे सामान आमच्या बडोद्याच्या घरी आले आणि तळमजल्यावर राहिले. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी 35 फुटांच्या वर गेले, तेव्हा ते आमच्याही सोसायटीत शिरले आणि खालची खोकी भिजली. काचेच्या काही निगेटिव्ह बटर पेपरच्या पाकिटांना, तर काही एकमेकींना चिकटून वाळल्या आहेत. रोलच्या एका डब्याला व्हिनेगरसारखा उग्र वास येतो. स्टुडिओच्या वह्या वरच्या फळीवर होत्या, म्हणून वाचल्या.

मामांचे म्हणणे असे, की पुराचे फोटो तेवढे निवडून नीट स्कॅन करून घ्यावेत आणि त्यांचे प्रदर्शन भरवावे. अनोळखी गिऱ्हाइकांचे चेहरे जपून करायचे काय? जागेची अडचण मलाही दिसते, पण मन घेत नाही. चिकटलेल्या काचा सोडवता येतील का, बाकीचे ठेवावे का, आणि गिऱ्हाइकांचे फोटो लोकांसमोर मांडण्याचा आम्हाला हक्क आहे का, या तीन गोष्टींवर जाणकारांनी कृपया लिहावे.

काचपट्टी

पहिल्या प्रश्नापुरते लिहितो, कारण माझे काम त्याच क्षेत्रातले आहे. चिकटून वाळलेल्या काचा पात्याने, वाफेने किंवा जोर लावून सोडवू नका. निगेटिव्हवरचे चित्र जिलेटीनच्या पातळ थरात असते. हा थर पाण्याने फुगतो, मऊ होतो आणि वाळताना ज्याला टेकला असेल त्याला धरून बसतो. ओढाल तर काच सुटेल आणि चित्र दुसऱ्या बाजूला जाईल. तो गठ्ठा आहे तसाच ठेवा, त्याचा फोटो काढा, कोणत्या खोक्यातून निघाला ते चिठ्ठीवर लिहा आणि प्रशिक्षित माणसाच्या हाती द्या. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललितकला विद्याशाखेत म्युझिऑलॉजीचा, म्हणजे संग्रहालयशास्त्राचा, विभाग आहे. विचारपूस तिथून सुरू करावी.

सुट्या काचांची चकचकीत बाजूच तेवढी मऊ ब्रशने पुसावी. मंद दिसणाऱ्या बाजूला हात लावू नये. जुने फोटोग्राफर त्याच बाजूवर शिसपेन्सिलने रिटचिंग करीत, म्हणजे चेहरा सफाईदार करीत. काच तिरपी धरून पाहिलीत तर गालावरच्या, डोळ्यांखालच्या बारीक रेघा दिसतील. आजोबांच्या हाताचे ते काम एका फडक्याने पुसले जाईल. धड काचा आम्लरहित कागदात गुंडाळून लांब कडेवर उभ्या ठेवाव्यात, तडे गेलेल्या मात्र आडव्या.

व्हिनेगरचा वास म्हणजे ॲसिटेट फिल्म विघटित होऊ लागली आहे. ते थांबवता येत नाही, थंड आणि कोरड्या जागी फक्त मंदावते, आणि त्या वाफेने शेजारचे रोलही बिघडतात. तो डबा आजच वेगळा काढा आणि स्कॅनिंगला पहिला तोच घ्या. पावसाळ्यात पुन्हा काही भिजले, तर एकमेकांवर वाळू देऊ नका. स्वच्छ थंड पाण्यात ठेवून एकेक अलग करायचे आणि सावलीत वाळवायचे. दोन दिवसांत हे झाले तर बरेच वाचते.

रेवाकाठ

मामांचा मान राखून सांगतो, पुराचे फोटो तेवढे वेगळे काढण्यात त्या फोटोंचेच सर्वांत मोठे नुकसान आहे. पुराचे पाणी कुठल्याही गावचे असो, फोटोत सारखेच दिसते. ते पाणी किती होते, हे कळण्यासाठी तीच जागा कोरडी असताना कशी होती ते दाखवणारा फोटो हाताशी असावा लागतो, आणि तो आजोबांच्या पौर्णिमेच्या रोलांत नक्की असणार. चांदोदच्या मल्हारराव घाटाचा साध्या दिवसाचा फोटो आणि पुरातला फोटो शेजारी ठेवा, किती पायऱ्या बुडाल्या ते मोजा, आणि घाटावर जाऊन पायरीची उंची घ्या. 6 सप्टेंबर 1970 रोजी भरूचला नर्मदेवरच्या गोल्डन ब्रिजपाशी पाणी 41.5 फुटांवर गेले होते, हा आकडा प्रसिद्ध आहे. चांदोदला ते कुठवर चढले, हे तुमच्या घरातल्या रोलवर आहे.

शिवाय ही नदी आज तशी राहिलेली नाही. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाची पायाभरणी 5 एप्रिल 1961 रोजी झाली, पण राज्यांच्या वादात काम रखडले. लवादाचा निवाडा 1979 मध्ये आला आणि धरणाचे लोकार्पण 2017 मध्ये झाले. म्हणजे आजोबांनी टिपलेला पूर हा या धरणाआधीच्या मोकळ्या नर्मदेचा आहे. ज्या नॅरोगेजने ते जात, तिच्या जागी आता केवडियापर्यंत ब्रॉडगेज आहे. डभोईच्या स्टेशनचा एखादा फोटो आज गिऱ्हाइकाचा वाटेल, पण मागे उभा असलेला डबा पाहायला उद्या लोक येतील.

आपल्या भागातल्या लहान गावांच्या स्टुडिओंकडे आपण फारसे लक्ष दिलेले नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी शिकले आणि त्यांनी गोध्र्याला स्टुडिओ थाटला, एवढे आपण अभिमानाने सांगतो; त्यांच्यानंतर गावोगावी ज्यांनी हाच धंदा आयुष्यभर केला, त्यांच्या काचा मात्र भंगारात गेल्या.

एक विनंती आहे. ऑक्टोबर 1970 पासून पुढच्या काही महिन्यांची वही पाहा. पुरात घरातले फोटो गेले, की माणसे जुन्या निगेटिव्हवरून पुन्हा प्रत काढून घ्यायला स्टुडिओत येतात.

रावपुरा

हक्काबद्दल थोडक्यात. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे, मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, ते काम सांगणाऱ्याचा असतो. त्यामुळे लग्नामुंजीचे फोटो तुमच्याकडे सांभाळायला आहेत, असे धरून चालावे. ते जपण्यास किंवा अभ्यासकाला दाखवण्यास कोणी हरकत घेईल असे वाटत नाही, परंतु प्रदर्शनात लावण्याआधी त्या घराण्याला विचारावे. चांदोदचे आणि पुराचे फोटो त्यांनी आपणहून काढले असल्यास तो हक्क वारसांचा, म्हणजे मामा, आई आणि इतर सर्वांचा. देणगी द्यायची झाल्यास सगळ्यांच्या सह्या घ्या. मृत्यूनंतर घरच्यांनी काढून घेतलेले अंत्यदर्शनाचे फोटो त्या काळच्या संग्रहांत हमखास असतात. ते बाहेर मांडू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

डभोईची नात

आपणा सर्वांचे आभार. रेवाकाठ यांनी सांगितल्याप्रमाणे वही उघडली. नोव्हेंबर 1970 च्या पानांवर नेहमीच्या कामांच्या मध्ये मध्ये चांदोद आणि शेजारच्या करनाळी गावची नावे आहेत, आणि पुढे आजोबांच्या अक्षरात "जुन्या काचेवरून, वडिलांचा, एक प्रत" अशा नोंदी आहेत. प्रत्येक नोंदीपुढे निगेटिव्हचा क्रमांक आहे; दराच्या रकान्यात कित्येक ठिकाणी नुसती आडवी रेघ आहे. एका नोंदीच्या क्रमांकाची काच सापडली : खुर्चीत बसलेले एक वृद्ध गृहस्थ, मागे आजोबांचा रंगवलेला कमानीचा पडदा, आणि कडेला इमल्शनवर, म्हणजे चित्राच्या थरावर, सुईने कोरलेला तोच क्रमांक.

ही पाने मामांना दाखवली. आता खोकी फोडायची नाहीत, क्रमांकांची साखळी तोडायची नाही, असे आमचे ठरले आहे. वासाचा डबा वेगळा काढला आहे. वह्यांची पाने आधी फोटो काढून नोंदवावीत की काचांपासून सुरुवात करावी, एवढे काचपट्टी यांनी सांगावे. तसेच डभोई, चांदोद किंवा करनाळीशी ज्यांचा संबंध आहे, त्यांनी घरातल्या जुन्या फोटोंच्या पाठीमागे डभोईच्या स्टुडिओचा शिक्का आणि क्रमांक आहे का, ते पाहून मला इथे कळवावे. मी वहीत ती नोंद शोधून देईन.