गजबजलेल्या वस्तीत भाड्याने घर घेतेय, रात्री झोप लागेल का हे आधी कसं कळणार?

खिडकीवाली:
नमस्कार मंडळी, जरा घाईत विचारतेय कारण घरमालकांना दोन-तीन दिवसांत सांगायचंय. मी आणि आई दोघीच आहोत. गेली सहा वर्षं शहराच्या अगदी कडेला राहतोय, शांत म्हणजे इतकं शांत की संध्याकाळी आठनंतर रस्त्यावर माणूस दिसत नाही, आणि मी दिवसभर ऑफिसात, त्यामुळे आई अक्षरशः कंटाळलीय, तिला बोलायला कुणी नाही, साधी सुई आणायची तरी बस पकडावी लागते. म्हणून आता ऐन वस्तीतलं घर बघितलंय. दुसरा मजला, कोपऱ्यावरची जुनी बिल्डिंग, खाली दुकानं आणि एक हॉटेल, समोर बसस्टॉप, रस्त्यावर चार पावलं चाललं की चार भाषा कानावर पडतात, कुठून कुठून आलेली माणसं, सगळ्या वयाची. आई तर खिडकीतून हललीच नाही. मलाही आवडलं, खोटं कशाला बोलू.

पण आम्ही घर बघितलं ते सुट्टीच्या दिवशी सकाळी अकराला. तेव्हा रस्ता अर्धा झोपेतच होता. रात्री काय चालतं काही कल्पना नाही. आईची झोप मुळात सावध, माझी सकाळची शिफ्ट. एजंट म्हणतो "मॅडम सवय होते", आणि वर "उद्या दुसरी पार्टी बघायला येतेय" हे आहेच. अशा वस्तीत राहिलेल्यांनी सांगा, सही करायच्या आधी नक्की काय काय बघायचं?

जिन्याखालचा:
दुसरी पार्टी कायम उद्याच येत असते हो, माझ्या चारही घरांच्या वेळी आली होती, अजून एकदाही भेटली नाही.

आता मुद्द्याचं. अशाच वस्तीत नऊ वर्षं काढलीत, अजून तिथेच आहे, आणि सोडायची इच्छा नाही. पण पहिले तीन महिने मी वेडा व्हायचा बाकी होतो आणि कारण रस्ता नव्हता, गाड्या नव्हत्या, माणसं नव्हती. कारण होतं खालच्या दुकानाचं शटर. पहाटे पाच चाळीसला तो माणूस ते एका दमात वर फेकायचा, लोखंड आधी खडखडत जायचं आणि मग वर धाडकन आदळायचं, आणि ते दुकान बरोब्बर माझ्या पलंगाखाली. तीन सेकंदांचा आवाज, पण मी पाच पस्तीसलाच जागा होऊन वाट बघत पडायचो, हे जास्त वाईट. ट्रॅफिकची घरघर एका लयीत असते, तिची सवय होते, एजंट तेवढं खरं बोलतोय. अचानक येणाऱ्या आवाजाची होत नाही.

तर ताई, एकदा रात्री साडेअकराला जा आणि एकदा पहाटे. घर उघडून मिळालं तर उत्तमच, नाही मिळालं तर खाली नुसत्या अर्धा तास उभ्या राहा. हॉटेल कधी बंद होतं, बंद झाल्यावर भांडी कुठे घासतात, कचऱ्याची गाडी किती वाजता येते आणि कुठे थांबते, माल उतरवायला टेम्पो कधी लागतो, शेवटची बस उभी असताना इंजिन चालू ठेवते का. आणि वरच्या-खालच्या भाडेकरूंना विचारा, आधीचे लोक घर का सोडून गेले. एजंटला नका विचारू, त्याच्याकडे ठरलेलं उत्तर असतं, ट्रान्सफर झाली. इतक्या ट्रान्सफर तर सैन्यात पण होत नसतील.

शटरचं पुढे काय झालं म्हणाल तर काही नाही, महिनाभर रोज त्याच्याकडूनच सामान घेतलं आणि मग एक दिवस सांगितलं की भाऊ जरा हळू. तेव्हापासून हळू उघडतो. सांगितल्यावर त्यालाच वाईट वाटलं, वर कुणी झोपतं हे त्याच्या डोक्यातच नव्हतं.

ध्वनीवेडा:
आवाजाचं मोजमाप हा माझ्या पोटापाण्याचा विषय आहे म्हणून थोडं लांबवतो, कंटाळा आला तर सोडून द्या.

वर शटरचं लिहिलंय ते अगदी बरोबर. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मधे जी मार्गदर्शक तत्त्वं दिली त्यात बेडरूमसाठी दोन वेगळे आकडे आहेत, रात्रभराचा सततचा आवाज ३० डेसिबलच्या आसपास, आणि मधेच येणारा एकेकटा आवाज ४५ च्या वर नको. म्हणजे सरासरी चांगली असूनही एखादं शटर झोपेची वाट लावू शकतं. नंतर २००९ मधे त्यांच्या युरोप विभागाने घराबाहेरची रात्रीची वर्षभराची सरासरी ४० च्या आत असावी असं सुचवलं. गजबजलेल्या रस्त्यावर ४० मिळणं विसरा. म्हणून बाहेर किती आवाज आहे यावर जीव जाळण्यापेक्षा तो आत किती येतो हे बघायचं.

आणि इथे लोक चुकतात. जाड काच बसवली की झालं असं वाटतं. पण खिडकीच्या क्षेत्रफळाचा नुसता १ टक्का भाग जरी फटीच्या रूपात उघडा राहिला तरी काच कितीही भारी असो, एकूण २० डेसिबलच्या वर फायदा मिळत नाही. जिथून वारा येतो तिथून आवाज येतो, साधा हिशोब आहे. त्यामुळे घर बघताना खिडकी लावून घ्या आणि चौकटीच्या कडेने हात फिरवा, गार झुळूक लागली की समजा. जुन्या बिल्डिंगीत लाकूड वाकलेलं असतं, सरकत्या खिडकीचं रबर झिजलेलं असतं. रबराची पट्टी बदलणं हा तुलनेने स्वस्त उपाय आहे, ते घरमालकाकडून आधीच करून घ्या. अंड्यांचे ट्रे, भिंतीला चिकटवायचे फोम वगैरे विकत घेऊ नका, त्याने खोलीतला घुमणारा आवाज कमी होतो, बाहेरचा अडत नाही. अडवायला वजन लागतं. जाड पडद्यांनी अगदी किंचित फरक पडतो, उन्हासाठी घ्या हवं तर.

डेसिबल साधे बेरजेचे नसतात हेही लक्षात ठेवा. एकासारखे एक दोन पंखे लावले तर आवाज दुप्पट आकडा दाखवत नाही, फक्त ३ ने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० वाढावे लागतात. हे सांगायचं कारण, बिल्डिंगीच्या मागच्या बाजूची खोली आणि रस्त्याकडची खोली यांत १० चा फरक सहज असतो, कारण बिल्डिंग स्वतःच आडोसा होते. म्हणजे खिडकीवर खर्च करायच्या आधी पलंग मागच्या खोलीत न्या. फुकट आहे. फोनवरच्या अॅपचा आकडा अचूक नसतो पण एकाच फोनवर दोन खोल्यांची तुलना करायला चालतो.

आता हॉटेल. मला रस्त्यापेक्षा त्याचीच भीती वाटते. फ्रिजचा कंप्रेसर आणि धूर खेचणारा पंखा कुठल्या भिंतीला ठोकलाय ते बघा. तो आवाज हवेतून कमी आणि भिंतीतून जास्त येतो, खर्जातला असतो, घर्र सुरू होतं, थांबतं, परत सुरू. दिवसा रस्त्याच्या गोंगाटात लक्षातही येत नाही. रात्री हाताचा तळवा भिंतीवर ठेवा, किंवा जमिनीवर पाण्याने भरलेला पेला ठेवून पाण्यावर टॉर्च मारा. थरथर दिसली तर ते घर रबराच्या पट्टीने सुधारणार नाही. मशीनखाली रबरी पाय बसवले तर फरक पडतो, पण ते हॉटेलवाल्याच्या हातात, तुमच्या नाही.

मांजरझोप:
इयरप्लग 😴 विषय संपला.

ध्वनीवेडा:
विषय नाही संपला 😄 पाकिटावर लिहिलेला आकडा प्रत्यक्षात क्वचितच मिळतो कारण लोक ते नीट आत घालत नाहीत, आणि खर्जाच्या आवाजाला ते तसेही कमीच पडतात. शिवाय वयस्कर आईला रात्री हाक मारायची वेळ आली तर मुलीच्या कानात बोळे. मला नाही पटत.

डिपॉझिट_गेलं:
सगळे आवाज आवाज करताय, माझं म्हणणं आवाजाने माणूस मरत नाही हो, कागदाने मरतो. मी अशाच छान रंगीबेरंगी गल्लीत राहत होतो, रस्ता मस्त, शेजारी मस्त, रात्री दोनला पण खाली माणसं म्हणून बायको एकटी यायला घाबरायची नाही, सगळं मस्त, आणि सोडताना मालक म्हणतो कपाटामागची भिंत तुम्ही खराब केली, अहो ती ओल आम्ही यायच्या आधीची, आम्ही आलो तेव्हा चार भिंती जुन्या रंगाच्या आणि तेवढी एकच ताजी रंगवलेली, त्यावर कपाट टेकवून ठेवलेलं, तेव्हा डोक्यात प्रकाश पडायला हवा होता पण आम्ही खिडकीतून खाली बघण्यात गुंग. पावसाळ्यात कपाट उघडलं की ओल्या गोणपाटासारखा वास, कपड्यांवर पांढरी बुरशी. आणि सिद्ध करायला आमच्याकडे एक फोटो नाही. अर्धं डिपॉझिट गेलं.

तर ताई कपाटं सरकवून बघा, सगळे नळ एकदम सोडून वर फ्लश करून बघा, पाण्याची धार करंगळीएवढी झाली की समजून जा, चार्जर घेऊन जा आणि प्रत्येक सॉकेटला लावा, फोनला आतल्या खोलीत रेंज येते का तेही. चावी हातात पडेल त्या दिवशी सामान आणायच्या आधी पूर्ण घराचा व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी मालकाला पाठवून द्या म्हणजे तारीख आपोआप पडते. आणि फर्निचरसकट घर असेल तर गादीच्या शिवणी उलगडून बघा, काळे ठिपके दिसले की ढेकूण, त्यांना महिनोन्महिने उपाशी राहता येतं, घर रिकामं होतं म्हणून गेले असतील असं समजू नका.

अजून एक, अशा वस्त्या लोकांना आवडायला लागल्या की भाडी भराभर चढतात. पुढच्या वर्षी किती वाढवणार ते आत्ताच आकड्यात लिहून घ्या. "बघू, आपण घरचेच" हे वाक्य करारात कुठे बसत नाही.

सातवा_शेजारी:
वरचं सगळं बरोबर आहे पण एक राहिलं. आवाज आपणही करतो. 🙂

आमच्या मजल्यावर सहा बिऱ्हाडं आहेत, घरात बोलायच्या भाषा पाच. मी आले तेव्हा वरून रोज रात्री गडगड गडगड, काहीतरी लोळवल्यासारखं. दोन आठवडे मी मनातल्या मनात भांडले, एकदा काठीने छत पण ठोकलं (लाज वाटते आता). शेवटी दुपारी, डोकं शांत असताना वर गेले. दार उघडलं तर अडीच वर्षांचं पोर तीनचाकी सायकलवर, बाबा रात्री उशिरा कामावरून येतो तेव्हाच त्याला खेळायला मिळतं. भाषा नीट कळत नव्हती दोघींना, तिला हाताने दाखवलं, खाली मी, झोप, गडगड. ती एवढी हसली. दुसऱ्या दिवशी जाड सतरंजी आली तिकडे. आणि मग तिनेच हाताने दाखवलं की तुझं दार. माझं दार मी रोज सकाळी सहाला आपटून लावत होते म्हणे, समोरच्या घरात नाइट शिफ्टवाला मुलगा नेमका तेव्हा झोपतो. तोवर कुणी मला बोललं नव्हतं!

रात्री एकला, डोकं फिरलेलं असताना कुणाचं दार वाजवू नका एवढंच. आणि तुमच्या आईसाठी म्हणाल तर मी डोळे झाकून घर घ्या म्हणेन. माझ्या सासूबाईंना चक्कर आली तेव्हा मी बाहेर होते, त्या रोज खिडकीत दिसतात त्या आज दिसल्या नाहीत म्हणून समोरच्या दुकानातला मुलगा वर आला होता. शांत कॉलनीत कोण येणार होतं.

जिन्याखालचा:
छत ठोकणाऱ्या काकू तुम्हीच का 😂

खिडकीवाली:
सगळ्यांना मनापासून थँक्यू, काल रात्री जाऊन आलो. एजंटने फार कुरकुर केली पण चावी दिली.

रस्त्याकडची खोली रात्री पावणेबाराला पण जागीच होती, बस, हॉर्न, खाली कुणीतरी फोनवर भांडत होतं, प्रत्येक शब्द ऐकू येत होता (चूक त्याचीच होती). मागच्या खोलीत गेलो आणि दार लावलं तर एवढा फरक, अॅपवर १३ ने कमी. पण तिथेच ते घर्र. तळवा ठेवला, भिंतीत बारीक थरथर लागली. पेल्यातल्या पाण्यात मात्र काही दिसलं नाही. खाली जाऊन बघितलं तर हॉटेलचा कंप्रेसर मागच्या बोळात भिंतीला लोखंडी कंसावर टांगलाय. वरच्या मजल्यावरच्या आजोबांना विचारलं आधीचे का गेले, ते म्हणाले बाळ झालं म्हणून मोठं घर घेतलं, आवाजाचं काही बोलले नव्हते कधी. आणि हो, ट्रान्सफर सांगितली होती एजंटने 🙄

हॉटेलवाल्याशी पण बोलले, तो म्हणतो मशीन खाली जमिनीवर घ्यायचंच आहे, पण असं सगळेच म्हणतात. घरमालकांना मेसेज टाकलाय, खिडक्यांचं रबर, पुढच्या वर्षीची वाढ आकड्यात, आणि कंप्रेसर दोन महिन्यांत हलला नाही तर नोटीस पिरियड न भरता घर सोडता येईल, हे तिन्ही करारात लिहून पाहिजे. अजून निळ्या टिका आल्यात फक्त.

आई रस्त्याकडच्या खोलीतच झोपणार म्हणतेय. मी म्हटलं अगं एवढा आवाज, तर म्हणे मला तो चालेल, मला ती शांतता नको. त्यामुळे घर्र माझ्या वाट्याला.

ध्वनीवेडा:
पेला स्थिर होता हे चांगलं लक्षण आहे. तुमचा पलंग त्या भिंतीला टेकवू नका, चार बोटं तरी सोडा, आणि उशी विरुद्ध बाजूला.

डिपॉझिट_गेलं:
कपाटं सरकवली का??

खिडकीवाली:
विसरले. उद्या परत चावी मागते.