प्रार्थनाकीटक खरोखरच आपल्याकडे पाहतो का?

कुंडीतली_बाग (प्रश्न)

पाऊस ओसरल्यापासून आमच्या कोथरूडच्या घरी गॅलरीतल्या कढीपत्त्यावर एक प्रार्थनाकीटक मुक्कामाला आहे. सासूबाई त्याला खंडोबाचा किडा म्हणतात आणि कुणाला हात लावू देत नाहीत. बोटभर लांबी, पोपटी रंग, दोन्ही पंखांवर एकेक पांढुरका ठिपका आणि बरेच फुगलेले पोट असे त्याचे रूप आहे. मी पाणी घालायला गेले की तो मान वळवतो आणि त्याच्या डोळ्यांतला काळा ठिपका मी जाईन तिकडे सरकतो. रात्री दिवा लावला तेव्हा मात्र दोन्ही डोळे पूर्ण काळपट झालेले दिसले, त्यामुळे तो आजारी तर नाही ना, अशी काळजी वाटते. तो मला खरोखर पाहतो का? दिवाळीपूर्वी गॅलरी रंगवायची आहे. त्याला तळजाईच्या टेकडीवर नेऊन सोडावे की इथेच राहू द्यावे? मुलीला तो बरणीत ठेवून पाहायचा आहे, ते योग्य ठरेल का?

भिंग_आणि_वही

डोळ्यातला तो ठिपका म्हणजे बुबुळ नव्हे. कीटकाचा संयुक्त डोळा हजारो सूक्ष्म नेत्रिकांचा बनलेला असतो. त्यांपैकी ज्या थेट आपल्या दिशेने रोखलेल्या असतात त्यांच्यात शिरलेला प्रकाश शोषला जातो, म्हणून तेवढाच भाग आपल्याला काळा दिसतो, आणि तिरप्या नेत्रिकांकडून प्रकाश परत येत असल्याने उरलेला डोळा हिरवा दिसतो. तुम्ही आणि मुलगी कुंडीच्या दोन बाजूंना उभ्या राहून पाहा: कीटक तसूभरही न हलता ठिपका दोघींनाही आपापल्याकडे रोखलेला दिसेल.

मान वळवणे मात्र खरे पाहणेच आहे. त्याच्या डोळ्यांचा समोरचा भाग सर्वांत स्पष्ट पाहतो, म्हणून हलणारी वस्तू त्या भागासमोर आणण्यासाठी तो डोके फिरवतो. दोन्ही डोळ्यांनी मिळून त्याला अंतरही कळते. न्यूकॅसल विद्यापीठातील संशोधकांनी या कीटकांच्या डोक्यावर मेणाने चिमुकले रंगीत चष्मे चिकटवले आणि पडद्यावर त्रिमितीय चित्रे दाखवली. पडद्याच्या अलीकडे तरंगत असल्याचा भास होणाऱ्या भक्ष्यावर त्यांनी झडप घातली. हे काम २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि मला तरी कीटकांविषयीच्या संशोधनात इतके सुंदर दुसरे काही आठवत नाही.

रात्रीचे काळे डोळे हा आजार नाही. अंधारात डोळ्यातील रंगद्रव्य सरकते, जास्त प्रकाश आत घेतला जातो आणि उजेड झाला की मूळ रंग परततो. भिंग असेल तर दोन मिशांच्या मधोमध पाहा, तिथे आणखी तीन साधे डोळे दिसतील.

सिंहगड_रस्ता

वर्णनावरून ही हायरोड्युला वंशातील मादी वाटते, आणि तिची अंडी घालण्याची वेळ जवळ आलेली दिसते. खात्री करायची असल्यास पोटाच्या खालची वलये मोजावीत. मादीला सहा दिसतात, नराला आठ, शिवाय नर सडपातळ आणि लांब मिशांचा असतो. तिला टेकडीवर नेण्याची काहीच गरज नाही. ती अंड्यांभोवती फेस सोडते, तो वाळून फिकट तपकिरी टणक कोष होतो आणि फांदीला, भिंतीला किंवा खिडकीच्या चौकटीला घट्ट चिकटून राहतो. मातीचा गोळा समजून तो खरवडला जाऊ नये, एवढे रंगाऱ्याला आवर्जून सांगा.

कुंडी हलवायची असेल तर तीच अलगद उचला, किंवा मादीपुढे काडी धरून ती आपणहून चढेपर्यंत थांबा. पंख पसरून पुढचे पाय उगारले तर ती घाबरली आहे असे समजून मागे सरावे. तिला विष नसते, पण पायांवरचे काटे बोटाला टोचतात. बरणी कृपया नको. मुलीला खाणे संपल्यानंतरची स्वच्छता दाखवा: मादी पुढचा पाय तोंडाशी धरून एकेक काटा साफ करते, मग तोच पाय डोळ्यांवरून फिरवते. बरणीत कोंडलेला कीटक इतका निवांत क्वचितच दिसतो.

मधमाशी_मित्र

वरील सर्व मान्य आहे, फक्त एक भर घालतो. प्रार्थनाकीटक कीड खातो म्हणून तो बागेचा राखणदार आहे असे लोक सरसकट लिहितात, ते मला पटत नाही. टप्प्यात येईल ते तो पकडतो, मग ती माशी असो, फुलपाखरू असो वा मधमाशी, आणि प्रसंगी स्वतःच्याच जातीचा कीटकही. त्याचा उपयोग होतो की नाही हे न पाहताही त्याला जागा द्यावी. औषध फवारणी मात्र तेवढे दिवस टाळाच.

कुंडीतली_बाग

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही दोघी दोन बाजूंना उभ्या राहिलो, आणि खरोखरच ठिपका दोघींनाही आपल्याकडेच वळलेला दिसला. रंगकाम पुढे ढकलले आहे. कोष दिसला तर त्यातून पिल्ले आली की दुसरेच काही, हे कसे ओळखावे?

सिंहगड_रस्ता

पिल्ले बहुधा कोषाच्या मधल्या पट्टीतून बाहेर पडतात. ती बिनपंखांची, पण मोठ्यांसारखीच दिसतात. कोषाच्या बाजूंना टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोके पडलेली दिसली, तर त्या अंड्यांवर वाढलेल्या परजीवी गांधीलमाश्या तिथून बाहेर पडल्या असे समजावे. तरीही कोष लगेच काढू नका, कारण काही अंडी अनेकदा वाचलेली असतात.