गच्चीवरून मृगातील तेजोमेघाचे छायाचित्र : आधी दुर्बीण घ्यावी की पद्धत बदलावी?

प्रश्न

गेले काही महिने मी घराच्या गच्चीवरून मृग नक्षत्रातील तेजोमेघ, म्हणजेच एम ४२, टिपण्याचा प्रयत्न करीत आहे. माझ्याकडे एपीएस-सी (पूर्ण आकाराहून लहान) सेन्सरचा डीएसएलआर कॅमेरा, ५० मिमीची एफ/१.८ लेन्स आणि एक साधा ट्रायपॉड आहे. २० सेकंदांचे एक्सपोजर, आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) ३२०० आणि पूर्ण उघडे अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र) ठेवले, तर सगळे आकाश नारिंगी-पांढरे येते, तारे बिंदूंऐवजी रेघांसारखे उमटतात आणि तेजोमेघाच्या जागी एक धूसर डाग उरतो. एक्सपोजर कमी केले की रेघा जातात, पण चित्र फारच दाणेदार होते. रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड टाळणे माझ्या हाती नाही. अशा स्थितीत दुर्बीण घेतल्याने फरक पडेल, की आहे त्याच साधनांनी काही साधता येईल?

पहिले उत्तर

दुर्बिणीचा विचार तूर्त बाजूला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दुर्बिणीने प्रतिमा मोठी होते, तशी ताऱ्यांची रेघही त्याच प्रमाणात लांबते, आणि आकाशाच्या गतीनुसार फिरणारे माउंट नसेल तर तुमची आजची अडचण कित्येक पटींनी वाढेल.

रेघांचा हिशेब सोपा आहे. पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळचे तारे दर सेकंदाला सुमारे १५ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतात, आणि मृगाच्या पोटातील बाणाचे तीन तारे नेमके त्याच भागात आहेत. तुमच्या सेन्सरचा पिक्सेल ४ मायक्रॉनच्या आसपास असेल, तर ५० मिमी लेन्सवर एक पिक्सेल साधारण १६ आर्कसेकंदांचे आकाश व्यापतो. म्हणजे तारा जवळजवळ दर सेकंदाला एक पिक्सेल ओलांडतो आणि २० सेकंदांत अठरा-एकोणीस पिक्सेलांची रेघ उमटते. ५०० च्या प्रचलित नियमाने (५०० ला लेन्सच्या पूर्ण आकाराच्या सेन्सरशी समतुल्य फोकल लांबीने भागून) तुम्हाला साडेसहा सेकंद मिळतात, परंतु आजच्या बारीक पिक्सेलांच्या सेन्सरसाठी हा नियम फार सैल आहे. ३ सेकंदांपुढे जाऊ नये.

आता दाणेदारपणाविषयी. आकाशाचा उजेड सर्वत्र जवळपास सारखा असतो, म्हणून त्याची सरासरी संगणकावर वजा करता येते; वजा होत नाही ती त्या उजेडातील चढउतार. एखाद्या पिक्सेलवर आकाशाचे १०,००० फोटॉन पडत असतील, तर त्यांत शंभरेक फोटॉनांचे कमी-अधिक होतच राहते आणि तेजोमेघाच्या फिकट कडा त्या गोंधळात बुडतात. त्यावर उपाय एकच, तो म्हणजे अनेक फ्रेम घेऊन त्यांची सरासरी काढणे. ३ सेकंदांच्या ४०० फ्रेम घेतल्या, तर एकूण २० मिनिटांचा प्रकाश जमा होतो आणि एका फ्रेमच्या तुलनेत गोंधळ सुमारे २० पटींनी खाली येतो. उजळ आकाशाखाली छोट्या एक्सपोजरने फारसे नुकसान होत नाही, कारण आकाशाच्या उजेडापुढे सेन्सरचा स्वतःचा गोंधळ नगण्य ठरतो.

अ‍ॅपर्चर एफ/२.८ ठेवा, म्हणजे कोपऱ्यांतील ताऱ्यांना पंख फुटणार नाहीत. आयएसओ १६०० पुरेसा आहे आणि चित्रे रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपातच घ्या. २० मिनिटांत मृग ५ अंश सरकेल, म्हणून मधूनमधून चौकट पुन्हा जुळवा. फ्रेम एकत्र करण्यासाठी सिरिल, डीपस्कायस्टॅकर आणि सिक्वेटर या प्रणाली विनामूल्य मिळतात.

दुसरे उत्तर

वरील विवेचनाशी मी सहमत आहे, फक्त फिल्टरविषयी थोडी भर घालतो, कारण पुढचा प्रश्न बहुधा तोच असेल. सोडियमच्या जुन्या दिव्यांचा उजेड मुख्यतः ५८९ नॅनोमीटरच्या आसपास एकवटलेला असल्याने तो बराचसा गाळता येत असे. पांढऱ्या एलईडी दिव्यांचा प्रकाश मात्र निळ्यापासून लाल रंगापर्यंत पसरलेला असतो, त्यामुळे तेच फिल्टर तेथे निष्प्रभ ठरतात. एम ४२ सारखे तेजोमेघ ठरावीक तरंगलांबींवर प्रकाशतात, हायड्रोजन ६५६.३ आणि ऑक्सिजन ५००.७ नॅनोमीटरवर, म्हणून त्यांच्यासाठी अरुंद पट्ट्याचा फिल्टर खरोखर उपयोगी पडतो. देवयानी दीर्घिकेसाठी किंवा कृत्तिकांसाठी त्याचा लाभ जवळजवळ नाही, कारण ताऱ्यांचा प्रकाश सर्व रंगांत विखुरलेला असतो. शिवाय सर्वसाधारण कॅमेऱ्यात सेन्सरपुढे बसवलेली काच हायड्रोजनचा तो लाल प्रकाश बऱ्याच अंशी अडवते. मृग आकाशात सर्वांत उंच असताना छायाचित्रे घेण्याने जो फरक पडतो, तो विनाखर्च आहे: क्षितिजापासून ३० अंशांवर प्रकाशाला डोक्यावरच्या तुलनेत दुप्पट हवेतून यावे लागते.

तिसरे उत्तर

फोकसविषयी कोणी लिहिले नाही, आणि माझ्या अनुभवात अर्ध्याहून अधिक रात्री त्यापायीच वाया जातात. लेन्सवरील अनंताच्या खुणेवर विसंबू नका. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावर, व्याधाचा तारा दहापट मोठा करून पाहा आणि फोकसची रिंग केसभर पुढे-मागे करा: ताऱ्याभोवतीचे जांभळट वलय आक्रसत जाते, आणि फोकस नेमका बसला की आतापर्यंत न दिसलेले अंधूक तारे शेजारी अचानक उमटतात. त्या क्षणी रिंगला चिकटपट्टी लावा. रात्र थंडावत जाते तसा फोकस थोडा हलतो, म्हणून तासाभराने पुन्हा तपासा, आणि त्याच वेळी लेन्सवर दव धरले नाही ना, हेही विजेरी तिरपी धरून पाहा.

फ्लॅट फ्रेमही, म्हणजे लेन्समुळे कोपऱ्यांत येणारा काळोख संगणकावर दुरुस्त करण्यासाठीची एकसारख्या उजेडाची चित्रे, अवश्य घ्या. लेन्सवर पांढरे सुती कापड ताणून बसवावे आणि संध्याकाळच्या एकसारख्या उजळ आकाशाकडे, किंवा रात्री टॅब्लेटच्या पांढऱ्या पडद्याकडे, कॅमेरा रोखून वीस-पंचवीस चित्रे घ्यावीत. मात्र फोकस आणि अ‍ॅपर्चर मूळ छायाचित्रांइतकेच असले पाहिजेत.

प्रश्नकर्ता

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. काल ३ सेकंदांच्या ४१२ फ्रेम घेतल्या, त्यांपैकी ३८० सिरिलने स्वीकारल्या. एकत्र केलेले चित्र उघडताच प्रथम तीच नारिंगी पाटी दिसली. पण पार्श्वभूमी वजा करून मंद छटा ताणल्यावर बाणाच्या खाली तेजोमेघाचे दोन्ही पंख उलगडले आणि त्यांच्या मध्ये शिरलेली काळोखी खाचही ओळखता आली. याच लेन्समधून, याच गच्चीवरून हे दिसू शकते, यावर माझा विश्वास बसायला बराच वेळ लागला. एक दोष राहिला आहे: उजवा कोपरा काळवंडलेला आहे, कारण फ्लॅट घेण्यापूर्वी कापड बसवताना माझ्या हातून चिकटपट्टी निघाली आणि फोकस हलला. आज पुन्हा तीच चौकट घेणार आहे, या वेळी फ्लॅट आधी आणि रिंगला हात न लावता.